बोरटाकळी मुक्काम

संध्याकाळी खिंडीत हॉर्न वाजला की बोरटाकळीतल्या बाया चुलीवर तवा टाकायच्या. गावात घड्याळं दोघातिघांकडंच होती आणि तीही एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून एसटीचा हॉर्न हीच वेळ. लेकरं खेळ टाकून पळायची, कुत्री ओरडायची आणि धुळीनं माखलेली लाल गाडी मारुतीच्या पारापुढं येऊन थांबायची. गाडीच्या कपाळावरच्या पाटीत ‘गंगाखेड – बोरटाकळी’ असं लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘मुक्काम’. रात्रभर गाडी आमच्याकडं राहणार आणि पहाटे परत निघणार.

मी त्या गावात चौऱ्याहत्तर साली शाळेवर मास्तर म्हणून गेलो. राणीसावरगावच्या पुढं, डोंगराच्या पोटात बसलेलं हे लहानसं गाव. माझं घर परभणीला. शनिवारी शाळा सुटली की मला आईची आठवण यायची, पण आधी सोय नव्हती. मी गेलो त्याच वर्षी गाडी सुरू झाली, म्हणून मी त्या गावात टिकलो असं म्हटलं तरी चालेल. त्या गाडीचा ड्रायव्हर सूर्यभान वाव्हळे. आयुष्यात मला बरीच शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं भेटली. पण म्हातारपणी डोळे मिटून पडलो की जी मोजकी माणसं समोर येतात, त्यांत खाकी कपड्यांतला सूर्यभान असतोच.

गाडी आली ती दुष्काळामुळं. बहात्तर-त्र्याहत्तरला पाऊस पडला नाही, तेव्हा लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं हा रस्ता काढला होता. गावातली बाया-माणसं वर्षभर खडी फोडत होती. सरकारकडून मिळेल ती सुकडी खायची, उन्हात गोणपाटाची सावली करायची आणि हातोडा चालवायचा. चतुराबाई नावाची पन्नाशीची विधवा बाई होती, तिचं दोन खणांचं मातीचं घर पाराला लागूनच. नवऱ्यामागं तीन एकर कोरडवाहू जमीन ती एकटीनं करायची. ती मला रस्ता दाखवून म्हणायची, “मास्तर, खिंडीपासून ओढ्यापर्यंत समदी खडी आमच्या हातची हाय. ह्या बोटांला विचारा.” बोटं खरंच वाकडी झाली होती.

पहिली गाडी आली त्या दिवशी गावानं कमानीला आंब्याची पानं बांधली. सरपंच दत्तराव, गावातले मोठे जमीनदार, फेटा बांधून पुढं उभे. त्यांनी गाडीला नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला हार घातले आणि मग विचारलं, “ड्रायव्हर साहेब, आडनाव काय म्हणलाव?”

“वाव्हळे.”

“कोणते वाव्हळे?”

“पूर्णेच्या अलीकडचे. आमी बौद्ध हावोत.” सूर्यभान सरळ म्हणाला. आवाज चढला नाही, की पडलाही नाही.

“बरं, बरं,” दत्तराव म्हणाले आणि फेटा सारखा करू लागले. हार घालून झाला होता, तो काही परत काढता येत नव्हता.

मुक्कामी गाडीच्या माणसांना गावानं जेवू घालायचं, हा तेव्हा सगळीकडचा रिवाज होता. त्या संध्याकाळी दत्तरावांच्या ओसरीवर कंडक्टर पंडितसाठी ताट आलं. पंडित हा सोनपेठकडचा, शेतकरी घरातला, बोलका तरुण. ड्रायव्हरच्या ताटाचं कुणी नाव काढलं नाही. सूर्यभान गाडीच्या पायरीवर बसून बूट काढत होता. तेवढ्यात ओढ्याकडच्या खालच्या बौद्ध वस्तीवरून बायनाबाई नावाची बाई आली, डोक्यावर फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन. टोपलीत ज्वारीच्या भाकरी, मुगाचं वरण आणि ठेचा.

“भाऊ, तुमची भाकर रोज आमच्या वस्तीवरून येईल,” ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्या पाराला ऐकू जाईल अशी. “आजपासून ठरलं.”

आठेक दिवसांनी पंडितनं आपलं ताट उचललं आणि ओसरीवरून उठून गाडीत जाऊन बसला. दत्तरावांनी विचारलं तर म्हणाला, “मालक, एकट्यानं घास उतरत न्हाई बघा.” दत्तरावांनी त्याला जाऊ दिलं. कंडक्टरशी वाकडं घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं, बाजारच्या दिवशी जागा देणारा तोच. तेव्हापासून दोघं गाडीतच समोरासमोर बसून जेवायचे, एकमेकांच्या ताटातलं उचलून.

सूर्यभानचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होता. छप्पन साली त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा सूर्यभान कळत्या वयाचा होता. शाळा सातवीपर्यंत झाली. नांदेडला एका मालट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, तिथंच स्टेअरिंग हातात आलं आणि पुढं एसटीत लागला. बायको पंचफुला आणि दोन मुली गंगाखेडला भाड्याच्या खोलीत राहत. माणूस उंच, सावळा, मोजकं बोलणारा. कपडे मात्र नेहमी धुतलेले, इस्त्री केलेले. दिवसभर धूळ खाऊनही तो संध्याकाळी गाडीतून उतरायचा तेव्हा आत्ताच ड्यूटीवर निघाल्यासारखा दिसायचा.

एकदा उन्हाळ्यात गाडी आली तेव्हा तो घामानं निथळत होता. चतुराबाई अंगणातच होती. तिला त्याची दया आली. तांब्या भरून आणला आणि म्हणाली, “डायवर, पाणी प्या बाबा.” सूर्यभान पुढं झाला. तिनं तांब्या उंच धरला, ओंजळीत वरून ओतायला. सूर्यभानचे हात वर आलेच नाहीत. तो हसला आणि म्हणाला, “राहू द्या मावशी. गाडीत हाय माझं पाणी.”

चतुराबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती. आईनं, सासूनं शिकवलं तेच ती करत होती. पण त्या दिवशी तिला काहीतरी लागलं असावं. पुढं बरेच दिवस गाडी आली की ती घरात जायची.

पण घरात बसून तिचं भागणार कसं? तिची एकुलती एक लेक रुख्मिणी याच रस्त्यावर, चिंच फाट्याच्या गावात दिली होती. बसनं फार लांब नाही, पण चतुराबाई कधी गेली नव्हती. लग्नाला पाच वर्षं होऊन रुख्मिणीला मूल नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. शिवाय लेकीच्या सासूनं तोंडावर काही बोललं तर, ही धास्ती. त्यामुळं माय इकडं आणि लेक तिकडं झुरत होत्या.

शेवटी एका पहाटे चतुराबाई गाडीच्या खिडकीपाशी आली. “डायवर, चिंच फाट्यावर माझी लेक पाणी भरायला येती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. तिला म्हणावं, म्हैस व्यायली. पारडू हाय.”

सूर्यभाननं फाट्यावर गाडी थांबवली. विहिरीच्या वाटेवर ती बाई होतीच. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, “रुख्मिणीबाई, तुमच्या माईनं सांगितलंय, म्हैस व्यायली, पारडू झालंय!” रुख्मिणीच्या डोक्यावरची घागर हिंदकळली, असं पंडित मला सांगायचा. संध्याकाळी ती पुन्हा फाट्यावर उभी होती, निरोप द्यायला. “माईला म्हणावं, पहिला खरवस मला पाठीव.”

मग हे रोजचंच झालं. हरभरा बरा आलाय. गुडघ्याला एरंडाचं पान बांध. काल सपनात आलीस, बरी हाईस ना? सूर्यभान एरवी चार शब्द बोलायचा नाही, पण निरोप सांगताना आवाजही त्या बाईचा काढायचा. गाडीतली माणसं कान देऊन ऐकायची. कुणी गाडी उशिरा चालली म्हणून कुरकुर करत नसे. हळूहळू सगळं गावच त्याला निरोप सांगायला लागलं. कुणाचा भाऊ गंगाखेडला हमाल होता, कुणाचं पोरगं वसतिगृहात. सूर्यभान औषध आणायचा, चष्म्याची काडी जोडून आणायचा, एकदा तर त्यानं कुणाची तरी सासरहून रुसून निघालेली सून समजावून त्याच गाडीनं परत नेली. चहा मात्र तो गावात कुणाच्या दारी घ्यायचा नाही. कुणी बोलावलंही नव्हतं म्हणा.

एका रविवारी पहाटे मी त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून परभणीला निघालो होतो. पुढं गंगाखेडहून मला रेल्वे धरायची होती. मी सहज विचारलं, “सूर्यभानराव, रोज हाच रस्ता, हेच खड्डे. कंटाळा येत नाही?”

चढ संपला, त्यानं गियर बदलला, मग म्हणाला, “मास्तर, माझ्या बापाला आमच्या गावात मधल्या रस्त्यानं जायची सोय नव्हती. वळसा घालून, गावाबाहेरून जायचा. डोक्यावर भारा असला तरी. आन मी रोज हॉर्न वाजवत गावाच्या मधोमध येऊन उभा राहतो. लोकं वाट बघायलेत माझी. कटाळा कसा येईल?”



पंचाहत्तरचा भाद्रपद आला. महालक्ष्म्यांचा सण तोंडावर होता आणि गाडी बाजारहाट करून आलेल्या बायांनी भरली होती. त्या संध्याकाळी गाडी आली तीच पावसात. रात्रभर पाऊस थांबला नाही. पहाटे पंडित ओढ्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, “फरशी गेली.” ओढ्यावर दगडी फरशीचा पूल होता, त्याचा निम्मा भाग वाहून गेला होता. गाडी गावात अडकली. आदल्या संध्याकाळी आलेले परगावचे तीन-चार पाहुणेही तिच्याबरोबर अडकले.

पाऊस पडतच राहिला. दुपारी ओढ्याचं पाणी वाट सोडून खालच्या वस्तीत शिरलं. चुली विझल्या, दाणे भिजले, दोन झोपड्या बसल्या. माणसं लेकरं काखेला मारून, शेरडं ओढत वर पाराकडं आली. बायनाबाई सगळ्यांच्या पुढं होती. शाळेचे पत्रे सकाळीच उडाले होते, आत गुडघाभर पाणी. मी ते सांगायला पारावर आलो तेव्हा सगळी वस्ती पावसात उभी होती आणि पुढं मारुतीचं देऊळ, कोरडं, सभामंडप मोकळा.

दत्तराव देवळाच्या पायरीवर उभे होते. वाईट त्यांनाही वाटत होतं, तोंडावरून दिसत होतं. पण मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडं बघून ते म्हणाले, “थांबा जरा. विचार करू. काहीतरी बघू.”

“विचार करस्तोर लेकरं गारठून मरतील, मालक,” बायनाबाई म्हणाली.

तेवढ्यात गाडीच्या दाराचा आवाज झाला. सूर्यभाननं दार उघडलं होतं. तो पावसात उतरला, बायनाबाईच्या काखेतलं लेकरू घेतलं आणि म्हणाला, “चला. समदे आत चला.”

पंडित त्याच्या कानाशी लागला. “आरं, डेपोत विचारलं तर काय सांगणार?”

“गाडी उभी हाय रं. उभ्या गाडीत तिकीट काय फाडतूस? सर बाजूला.”

पंडितनं एकदा दत्तरावांकडं पाहिलं, एकदा त्या लेकरांकडं. मग तोच दारात उभा राहून हात देऊ लागला. “म्हातारी माणसं पुढं, इंजनजवळ. लेकुरवाळ्या बाया मधी. शेरडं गाडीखाली बांधा. पुढं सरका, पुढं सरका!” सवयीनं त्यानं घंटीची दोरीही ओढली आणि त्या तसल्या वेळी लोक हसले.

त्याच संध्याकाळी चतुराबाईच्या घराची पडवीकडची भिंत खचली. ती वाचली, म्हैसही वाचली, पण घरात राहायची सोय उरली नाही. दत्तरावांची बायको सुमनबाई तिला म्हणाली, “आमच्याकडं चल.” चतुराबाई गेलीही. पण वाडा आधीच पडक्या घरांतल्या भावकीनं भरला होता आणि एका कोपऱ्यात तिला कुणी तरी, “तुझं एकटीचं काय, कुठंबी होतंय,” असं बोललं. ती उठली. डोक्यावर गोणपाट घेऊन, हातात एक टोपली धरून ती गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत जावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सूर्यभाननं तिला पाहिलं. “या मावशी. माझ्या मागची सीट मोकळी हाय.”

ती चढली. एसटीत चतुराबाईनं पहिल्यांदा पाय ठेवला तो असा, गाडी जागेवरच उभी असताना.

शेजारच्या सीटवर बायनाबाई होती. दोघींच्या मध्ये हातभर जागा. बऱ्याच वेळानं बायनाबाईनं विचारलं, “टोपलीत काय हाय?”

“लक्ष्म्यांचे मुखवटे. आज बसवायच्या होत्या, उद्या त्यांचं जेवण. आता कुठं बसवू?” चतुराबाई म्हणाली.

बायनाबाई जरा विचार करून म्हणाली, “बसवा की इथं मागल्या सीटवर. आमी पूजत न्हाई, पण तुमाला अडवणार बी न्हाई. तुमचा सण तुमच्यापाशी.”

मग दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या लांब सीटवर दोन पिठाचे डबे उलटे ठेवून चतुराबाईनं मुखवटे मांडले. वस्तीतल्या पोरी ते बघायला सीटवर गुडघे टेकून बसल्या. पाऊस जरा उघडला होता. गाडीच्या आडोशाला तीन दगडांची चूल झाली. सुमनबाईनं डाळ आणि गूळ पाठवला, कुणी ज्वारी दिली, पंडितनं कुठून तरी भोपळा आणला. चतुराबाई आणि बायनाबाई एका चुलीवर वाकून स्वयंपाक करत होत्या. एकीनं पुरण शिजवलं, दुसरीनं भाकरी थापल्या. आंबील कशी घालायची यावरून दोघींचा वादही झाला. वाद करता करता मधली हातभर जागा कधी गेली, ते त्यांनाही कळलं नसावं.

नैवेद्य दाखवून झाल्यावर चतुराबाईनं पहिलं ताट वाढलं आणि ड्रायव्हरच्या सीटकडं घेऊन गेली. मी जवळच होतो. तिनं ताट त्याच्या हातात दिलं, तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. मग ती खाली वाकून तांब्यातलं पाणी पेल्यात ओतू लागली, पेला त्याच्यासमोर ठेवून.

“खा बाबा,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी चुकले होते.”

सूर्यभाननं ताट मांडीवर घेतलं. मग म्हणाला, “मावशी, तुमी बसा. एकदमच जेवू.”

चार-पाच दिवस गाडीत संसार चालला. खिडक्यांना लुगडी वाळत, स्टेअरिंगला लेकरं लोंबकळत. सूर्यभान त्यांना एकेकाला मांडीवर घेऊन विचारायचा, “सांगा, कुठं जायचं?” कुणी गंगाखेड म्हणायचं, कुणी परभणी, एक पोरगी म्हणाली, “आत्याकडं.” तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढून त्यांना सगळीकडं नेऊन आणायचा. अडकलेले पाहुणे पत्ते खेळत. मी तिथंच लेकरांची शाळा भरवली. दत्तराव पहिले दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पोतंभर ज्वारी उचलून घेऊन आले, गाडीच्या पायरीवर ठेवली आणि सूर्यभानच्या शेजारी बसले. मग म्हणाले, “डिझेल हाय ना पुरेसं?”

“हाय की मालक,” सूर्यभान म्हणाला.

ओढा उतरला तेव्हा फरशी कोण नीट करणार, हा प्रश्न आला. सरकारी माणूस यायला किती दिवस लागतील, कुणी सांगावं. चतुराबाईनं पदर खोचला. “रस्ता आमी केलाय. फरशी काय अवघड हाय?” दुष्काळातले हातोडे घराघरातून निघाले. वरच्या गावातली, खालच्या वस्तीतली सगळी माणसं ओढ्यात उतरली. दगड वाहिले, खडी फोडली, मुरूम टाकला. सूर्यभान आणि पंडितही खाकी विजारी वर दुमडून दगड उचलत होते. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात पाटी जातेय, हे त्या दिवशी कुणी पाहत नव्हतं. निदान मी तरी तसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. सूर्यभाननं सगळ्यांना उतरवलं, रिकामी गाडी एकट्यानं हळूहळू फरशीवरून नेली आणि पलीकडं जाऊन हॉर्न वाजवला. काठावरची माणसं ओरडली, पोरांनी टोप्या उडवल्या. मग लोक चालत पलीकडं गेले आणि गाडीत बसले. मीही परभणीला निघालो होतो. बसता बसता पाहतो तर चतुराबाई सूर्यभानच्या मागच्या सीटवर.

“मावशी, कुठं?” पंडितनं विचारलं.

“चिंच फाटा. एक तिकीट दे.”

“लेकीकडं? आन ती रीत?”

“राहू दे रीत,” चतुराबाई म्हणाली. “भिंत अंगावर पडली असती तर लेकीचं तोंड न बघताच गेले असते मी.”

फाट्यावर रुख्मिणी उभी होती. नंतर कळलं, गाडी येणं बंद झाल्यापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ तिथं येऊन उभी राहायची. ओढ्यापलीकडं घरं पडली एवढंच तिनं ऐकलं होतं. त्या दिवशी सूर्यभाननं खिडकीतून डोकं काढलं, पण निरोप काही सांगितला नाही. नुसतं दाराकडं बोट केलं. चतुराबाई पायरी चाचपत खाली उतरली. रुख्मिणीनं घागर टाकून दिली. दोघी माय-लेकी रस्त्याच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पंडितनं घंटी वाजवली नाही. गाडीतल्या कुणीही घाई केली नाही. मागून एक बैलगाडी आली, तीही थांबली. थोड्या वेळानं रुख्मिणीची सासू वाटेनं येताना दिसली. म्हातारी जवळ आली, तिनं विहिणीचा हात धरला आणि म्हणाली, “उन्हात कामून उभ्या राहिल्याव? घरी चला की.”

सूर्यभाननं हळूच क्लच सोडला.

डेपोत त्याला विचारणा झाली. गाडी इतके दिवस कशी वापरली, सीटवर चुलीचा धूर कसा, वगैरे. दत्तराव स्वतः गंगाखेडला गेले, फेटा बांधून, आणि साहेबांपुढं म्हणाले, “गाडी गावानं वापरली. जे काय असंल ते गावाला विचारा.” साहेबांनी ऐकून घेतलं आणि विषय तिथंच संपला.

गाव एका पावसात बदललं असं मी म्हणणार नाही. काही घरं तशीच राहिली. पण सूर्यभानची भाकरी त्यानंतर पाळीपाळीनं येऊ लागली, कधी बायनाबाईकडून, कधी चतुराबाईकडून, दिवाळीला दत्तरावांकडून. दोन वर्षांनी रुख्मिणीला मुलगी झाली, तेव्हा बारशाला त्याला पंचफुलासकट बोलावणं होतं. अठ्ठ्याहत्तर साली त्याची बदली जिंतूर, देवगाव फाट्याकडच्या गाड्यांवर झाली. शेवटच्या पहाटे सगळं गाव पारावर उभं होतं, दत्तरावही. सूर्यभान रडला नाही, पण हॉर्न मात्र त्यानं खिंड संपेपर्यंत वाजवत नेला.

बदलीमुळं त्यानं बिऱ्हाड परभणीला हलवलं. पुढच्या हिवाळ्यात मी सुटीत घरी आलो असताना तो मला रस्त्यात भेटला. म्हणाला, “मास्तर, घरी या. पाहुणी आलीय.” गेलो तर खोलीत बाजेवर चतुराबाई बसलेली, दोन्ही डोळ्यांना हिरवी पट्टी. मोतीबिंदूच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं होतं. रुख्मिणीकडं लहान लेकरू, गावात बघायला कुणी नाही, म्हणून सूर्यभान तिला घेऊन आला होता. महिनाभर ती तिथंच होती. पंचफुला तिचे केस विंचरत होती आणि चतुराबाई पट्टी बांधल्या डोळ्यांनीच तिला अंबाडीची भाजी कशी करायची ते शिकवत होती, “दाणे आधी भिजू घाल, मग कण्या.”

पट्टी सुटायच्या दिवशीही मी मुद्दाम गेलो. डॉक्टरांनी चष्मा दिला होता. तिनं तो नाकावर ठेवला, हातानं सारखा केला आणि समोर उभ्या असलेल्या सूर्यभानकडं बराच वेळ एकटक पाहिलं.

“आगं माय,” चतुराबाई म्हणाली, “डायवर, तुझे तर लय केस पिकले की रे!”

पंचफुला पोट धरून हसायला लागली. सूर्यभान डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “मावशी, ते पांढरे न्हाईत. धूळ हाय.”

“चल, खोटारड्या,” ती म्हणाली आणि त्याच्या दोन्ही मुलींना जवळ बोलावून, चष्म्यातून एकेकीचा चेहरा निरखून बघू लागली.